पान पस्तीसची शेवटची ओळ

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताई,

वाचून झालं की हे पत्र जाळ. फाडू नकोस, तुकडे जोडता येतात. घरी न पाठवता तुझ्या शिवणाच्या कारखान्यावर पाठवलंय, कारण घरी भावजी टपाल फोडतात, आणि भावजींची नि त्याची बैठक अजून चालू असणारच.

एकच विचारायचंय. मी कुठे आहे ते तू त्याला सांगितलंस का?

तू म्हणशील, मलाच माहीत नाही तू कुठे आहेस, मी काय कपाळ सांगणार. मागच्या वेळीही तू असंच म्हणाली होतीस. "कुणाला सांगत नाही, आंघोळ घाल पोरीला, निवांत हो." मी तुझ्या मोरीत चिमणीच्या डोक्यावर पाणी ओतत होते आणि तो दारात उभा. वर तू म्हणालीस, "पोरीला बाप लागतो गं." अडीच वर्षं झाली. त्यानंतर मी पुन्हा निघाले ते तुला न विचारता निघाले, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलले नाही.

आता का लिहिते ते ऐक. शुक्रवारी दुपारी कामावर होते. खाली रस्त्यावरून बासरी ऐकू आली. आपल्या आप्पांच्या बासरीच्या पुस्तकातला अकरावा धडा. आणि त्यात तो चुकीचा सूर.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे तुला वाटायला नको की ही येडी झाली. आप्पांना गुरू नव्हता. लाकडाच्या वखारीत फळ्या मोजता मोजता ते त्या निळ्या पुस्तकावरून शिकले. काळा ठिपका म्हणजे भोक झाकायचं, रिकामा गोल म्हणजे उघडं. आणि पस्तीसाव्या पानाच्या शेवटच्या ओळीत छापणाऱ्यानं एक गोल काळा करायचा सोडला. आप्पांनी जसं छापलंय तसं वाजवलं, जन्मभर. तो बँडवाला पाहुणा हसला नव्हता का, "अहो, हा सूर गाण्याचा नाही, छापखान्याचा आहे!" आप्पा म्हणाले, "असू दे. तीस वर्षं मी पोसलाय, आता माझाच."

आप्पांनी शिकवलं तिघांना. तुला, मला आणि त्याला. आप्पा गेले, राहिलो आपण तिघं.

आणि दुसरं. त्या सुरानंतर आप्पा थांबायचे, श्वासभर. मग पुढची ओळ. तू थांबतेस, मी थांबते. तो कधीच थांबला नाही. आप्पा म्हणायचे, "अरे, थांब की जरा, गाडी सुटतेय का तुझी?" तो हसायचा आणि पुढं रेटायचा.

शुक्रवारी जो कोणी वाजवत होता तो थांबला नाही.

खिडकीपाशी जायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी चिमणीला पाळणाघरातून घेतलं आणि तीन गल्ल्या उलट्या फिरून खोलीवर गेले. तो काय म्हणाला होता ते तुझ्या समोरच म्हणाला होता. "कुठंही जा. पोरगी माझी आहे. एक दिवस उचलून नेईन, मग बस रडत." तो बाकी काही करो न करो, बोललेलं करतो.

उत्तर द्यायचं असेल तर पाकिटावर मागे लिहिलंय त्या इस्त्रीवाल्या मावशीच्या नावे टाक. मी तिथे राहत नाही. दोन बस बदलून जाते मी तिथे. तेव्हा तिथे कुणाला पाठवायची तसदी घेऊ नकोस.

— तुझी बहीण


गुरुवार, २० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. अक्षर तुझंच आहे, तपासलं. तू लिहितेस, आप्पांची शपथ, कुणाला काही बोलले नाही. बरं. पण शेवटी "तू काम काय करतेस, कुठल्या भागात" हे कशाला हवंय? काळजीनं विचारलंस म्हणतेस. काळजी तेव्हाही होती तुला.

काम सांगते, भाग सांगत नाही. जुन्या पुस्तकांचे फोटो काढायचं ऑफिस आहे. मी तिथे झाडू मारायला लागले होते. एके दिवशी मॅडम म्हणाल्या, तुझा हात हलका आहे, पानं उलटशील का? तेव्हापासून पानं उलटते. एक लाकडी घडवंची आहे, पाळण्यासारखी. त्यात पुस्तक उघडं ठेवायचं, पायानं दाबलं की वरून काच येते, फोटो निघतो. काच वर, पान उलट, काच खाली. दिवसाला हजार पानं होतात. बहुतेक गाण्यांची पुस्तकं, नाहीतर पेटी शिका, बासरी शिका, ढोल शिका, असली. आप्पांच्याही आधीच्या काळातली. लिहिणारे मरून जमाना झाला. फोटो झाले की ते फोनवर ठेवतात, ज्याला हवं त्यानं घ्यावं, फुकट.

मला आधी खरंच वाटेना. फुकट कोण काय देतं? मी मशीनवाल्याला विचारलं. त्याला सगळे चष्मा म्हणतात, कारण तो कायम चष्मा शोधत असतो आणि चष्मा त्याच्या डोक्यावरच असतो. तो म्हणाला, "आता ती पुस्तकं कुणाच्या मालकीची राहिली नाहीत. म्हणजे सगळ्यांची."

मी म्हटलं, "कुणाची नाहीत म्हणजे सगळ्यांची कशी?"

"अहो बाई, कायदाच तसा आहे."

म्हटलं नशीब, पोरांना हा कायदा लागत नाही.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. घरातलं मोठं कपाट माणसं रिकामं करतात ना, तसं करून कुणीतरी दोन खोकी पुस्तकं आणून टाकली होती. चार महिने झाले. दुसऱ्या खोक्यात वरच निळं पुस्तक. आप्पांचंच, म्हणजे तसंच. पहिलं पान उघडून आप्पांचा शाईचा डाग शोधला. नव्हता. आप्पांचं तर तुझ्याकडे आहे, बासरीसकट. पण मला वाटलं, हे त्यानंच ठेवलंय. कुणी उचललं की कोण आहे ते बघायला. हसू नकोस. तू माझ्या जागी असतीस तर तुलाही असंच वाटलं असतं.

ते पुस्तक मशीनवर आलं तेव्हा मी लबाडी केली. तेहतीस पानापर्यंत नीट आले आणि पुढे दोन पानं एकदम उलटली. पस्तीसावं गडप. आपला सूर कशाला द्यायचा साऱ्या जगाला?

अर्ध्या तासात चष्मा आला. "बाई, तेहतीसनंतर छत्तीस? मधली कुठे गेली, जेवायला?"

म्हटलं, "चिकटली असतील."

"मग सोडवा की. गाणं अर्धं तोडून कुणाला देणार? लोक शिव्या घालतील मला, तुम्हाला नाही."

तो शेजारी उभा राहिला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. कुणी असं मागे उभं राहिलं की माझा हात थरथरतो, तुला माहीत आहे. कसंबसं ते पान लावलं, काच खाली घेतली आणि सुटले.

त्या शुक्रवारनंतर बासरी परत दोनदा ऐकू आली. दोन्ही वेळा दुपारी. दोन्ही वेळा न थांबता.

चष्म्याचं काय ते कळत नाही. गेल्या आठवड्यात विचारत होता, "चिमणीचे बाबा कुठे असतात?" त्याला काय करायचंय?


सोमवार, ३ मार्च

ताई,

सापडला वाजवणारा. तो नाही.

सगळं नीट सांगते, कारण लिहिताना मलाच जरा बरं वाटतंय, आणि पुढे जे आहे ते काही बरं नाही.

शनिवारी पाळणाघर बंद, म्हणून चिमणी माझ्याबरोबर होती. दुपारी बासरी सुरू झाली आणि ती टेबलाखाली जाऊन बसली, दोन्ही कानांवर हात. साडेतीन वर्षांची आहे ती. घर सोडलं तेव्हा दीडची पण नव्हती. पण लक्षात आहे तिच्या. तुला सांगितलं नव्हतं कधी. माझ्यावर हात उचलून झाला की तो बासरी घेऊन बसायचा. छान वाजवायचा. शेजारीण म्हणायची, किती हौशी नवरा मिळालाय.

तिला टेबलाखाली बघितलं आणि माझं डोकं फिरलं. भीतीच गेली. तिला कडेवर घेतलं आणि खाली उतरले, म्हटलं काय व्हायचं ते भर रस्त्यात होऊ दे.

समोरच्या केस कापायच्या दुकानात आवाज. आत न्हावी एकटाच, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून बासरी वाजवतोय. आरशाला फोन टेकवलेला. मला बघून दचकलाच.

"या वहिनी. छोटीचे कापायचेत का?"

"हे गाणं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"फोननं!" फुशारकीनं सांगितलं. "गिऱ्हाईक नसतं तेव्हा बसतो. बायको म्हणते, यापेक्षा माशा मारा, आवाज तरी होत नाही."

"मधे एक सूर चुकतोय तुमचा."

"चुकतोय? काय बोलता! पुस्तकात आहे तसा वाजवतो. बघा ना." आणि त्यानं फोन माझ्यापुढे धरला. पान पस्तीस. मीच उलटलेलं. तो रिकामा गोल तिथेच, जगाला दाखवत.

मी म्हटलं, "आणि इथे थांबत का नाही?"

"कशाला थांबायचं?" त्यानं बोटानं पान वर सरकवलं, छत्तीसावं खालून आलं. "एकाखाली एक येतं की सगळं."

ताई, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पस्तीसाव्या पानाची शेवटची ओळ संपली की पान उलटायला लागायचं. आप्पा बासरीवरचा एक हात काढून पान उलटायचे, म्हणून थांबायचे. आपण समजायचो ती त्यांची ढब आहे. तू तर त्या थांबण्यावर डोळे मिटायचीस! आणि तो थांबायचा नाही, कारण त्यानं दोन्ही पानं एका कागदावर उतरवून घेतली होती. त्याला पान उलटायचंच नव्हतं.

मला इतकं हसू आलं की न्हावी घाबरला. चिमणीनं कानांवरचे हात काढले.

मग मी ते पान परत बघितलं. डाव्या बाजूला, कडेला, एक अंगठा आहे. काचेखाली दबलेला. नख मधोमध दुभंगलेलं.

चष्मा मागे उभा होता ना, हात थरथरला ना, त्याच वेळी राहून गेला. न्हाव्याला म्हटलं, हे काय आहे. तो म्हणाला, "असेल कुणा बिचाऱ्याचं बोट. मला तर सोबत वाटते बुवा."

ताई, ते नख तो जगात कुठेही ओळखेल. आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर आमच्या ऑफिसचा शिक्का आहे, नावपत्त्यासकट.

चष्म्याला सांगितलं, काढून टाका. त्यानं चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. "काढतो. पण ज्यांनी आधीच घेतलंय त्यांच्याकडे राहणार. शंभरेक तरी असतील."

मग हळूच म्हणाला, "कुणी शोधतंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "नाही बाई. मला कोण शोधणार?"


बुधवार, १२ मार्च

ताई,

तुझं पत्र पाच वेळा वाचलं.

तू लिहितेस, तो रविवारी तुझ्या घरी आला, फोन पुढे धरला आणि विचारलं, "म्हाताऱ्याचं पुस्तक सापडलं. हा अंगठा ओळखतेस?" आणि तू म्हणालीस, "तिचा उजवा फुटला होता, हा डावा आहे." आणि तो आपल्या दोन्ही हातांचे अंगठे पडताळत बसला, मग गेला.

फुटला होता डावाच. तुला पक्कं ठाऊक आहे, पट्टी तूच बांधली होतीस. तेव्हा मी म्हटलं वाऱ्यानं दार लागलं, आणि तू म्हणालीस, "हो का." वारा नव्हता ताई. तुलाही माहीत होतं वारा नव्हता. आपण दोघींनी वाऱ्यावर ढकललं.

तू खरंच त्याला खोटं सांगितलं असशील तर मी तुझे पाय धरते. पण असंही असेल की तू त्याला खरं सांगितलंस आणि मला हे लिहिलंस, म्हणजे मी जागची हलू नये. मी काय मानू? तू लिहितेस, एक खोली बघून ठेवलीय, भावजींना पत्ता नाही, मी तुला आणि चिमणीला न्यायला येते. मागच्या वेळी तू याहून गोड बोलली होतीस.

मॅडमना काल सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सगळं सांगितलं. त्यांनी दुसऱ्या गावच्या त्यांच्या मैत्रिणीला फोन लावला. तिथेही पानं उलटायला माणूस हवंय. गाठोडं बांधून ठेवलंय. तरी मला तुझ्याकडेच यावंसं वाटतं. मला माझं माणूस हवंय गं. चिमणी विचारते, आपल्याकडे कुणी येत का नाही?

म्हणून असं करू. रविवारी, तेवीस तारखेला, सकाळी अकराला ये. फोनवरच्या त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्क्यात पत्ता आहे, तोच. समोर केस कापायच्या दुकानाबाहेर बाक आहे, त्यावर बस. वर येऊ नकोस, हाक मारू नकोस, मान वर करून बघू नकोस. आप्पांची बासरी आण. अकरावा धडा वाजव.

एकटी आलेली असलीस तर पस्तीसाव्या पानाच्या शेवटी थांब, आप्पांसारखी. मी खाली येईन.

तो तुझ्याबरोबर असला, जवळ असला, तुझ्या मागे लागून आलाय असं नुसतं वाटलं, तर थांबू नकोस. त्याला काही कळणार नाही. त्याच्या लेखी तेच बरोबर आहे.

हेही पत्र जाळ. आधी जाळ, मग निघ.


मंगळवार, १ एप्रिल

ताई,

आम्ही पोचलो. कुठे ते लिहीत नाही.

त्या दिवशी मी दहापासून वरच्या खिडकीत होते, पडद्याआड. ऑफिस बंद, किल्ली माझ्याकडे. चिमणीला बूट घालून ठेवले होते. अकराला पाच मिनिटं कमी असताना तू आलीस. तू किती बारीक झालीयस. ती साडी आप्पांच्या वेळची आहे ना, हिरवी? बाकावर बसलीस, पदरानं बासरी पुसलीस. न्हावी बाहेर आला, तुला काहीतरी म्हणाला, तू हसली नाहीस. तो न्हावी हसवल्याशिवाय सोडत नाही कुणाला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मला कुणी दिसत नव्हतं. एक टेम्पो उभा होता, बस. म्हटलं, एकटीच आहे. खरं सांगते, मी दाराची कडी अर्धी काढली होती.

तू वाजवायला लागलीस. चिमणी टेबलाखाली गेली नाही. माझ्या पदराला धरून ऐकत होती. तिला झोपवताना मी हेच गाणं गुणगुणते, तिला पाठ आहे. तुझी बोटं अडखळत होती, पण आप्पांचाच हात होता तो. शेवटची ओळ आली. चुकीचा सूर आला. मी श्वास धरला.

तू थांबली नाहीस.

मी चिमणीला उचललं आणि मागच्या जिन्यानं उतरले. मागच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन एकदाच वळून बघितलं. टेम्पोमागून तो निघाला होता, तुझ्या दंडाला धरून, पुढच्या जिन्याकडे. तू अजून वाजवायची सोडली नव्हतीस. एका हातानं बासरी नीट वाजत नाही, तरी वाजवत होतीस. म्हणजे आवाज येत राहील आणि त्याला वाटेल मी वरच आहे, ऐकतेय. हो ना?

नऊ दिवस तोच विचार करतेय. तो तुझ्या मागावर आला, का भावजींनी सांगितलं, का पत्र जाळायचं राहिलं, का तूच आधी त्याला घेऊन निघालीस आणि बाकावर बसल्यावर तुझं मन फिरलं? ठरवलं होतं विचारायचं नाही. पण माझा स्वभाव आता असा झालाय, विचारल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा विचारते. काय असेल ते लिही, कसंही असलं तरी. मॅडमकडे पाठव, त्या मला पोचवतील.

आणि त्यानं तुला काही केलं का? वरची खोली रिकामी बघून तो गप्प बसला नसेल. वारा होता असं मला लिहू नकोस.

बसमध्ये चिमणी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग मला कोपरानं ढोसून म्हणाली, "आई, ती बाई थांबली नाही."

मी म्हटलं, "ती बाई नाही गं. मावशी आहे तुझी."